एमआरआयची फाइल नंतर, आधी पाय बघू

(डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

काजूच्या हंगामात दिवसभर ओणवं राहून बोंडू वेचणाऱ्या बायका, खाणीच्या ट्रकवर उमेदीची वर्षं घालवलेले चालक. माझ्याकडे येतात ते कंबरेच्या एमआरआयची फाइल घेऊनच. ‘डॉक्टर, गादी सरकलीय. ऑपरेशन करावंच लागणार ना?’

फाइल मी बाजूला ठेवतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, कंबरेची काहीही तक्रार नसलेल्या पन्नाशीच्या माणसांतही सुमारे 80 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे याच गाद्या, झिजलेल्या दिसतात, 60 टक्क्यांच्या फुगलेल्या. मग फोटोत दिसलं म्हणून सुरी कशी लावायची?

रुग्णाला उताणं झोपवतो. गुडघा न वाकवता पाय सावकाश उचलतो. अर्ध्यावर येईपर्यंतच कळ ढुंगणापासून पोटरीत, पावलात उतरली, तर नस दबली असण्याची शक्यता बरीच. मग टाचांवर चालायला लावतो, नंतर चवड्यांवर. टाचांवर चालताना पाऊल खाली पडायला लागलं की मला काळजी वाटते.

अशी नस दबलेल्यांपैकीही बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतार पडतो. चकतीचा बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीरच जिरवतं. तोवर गोळ्या, झेपेल तेवढं चालणं-फिरणं. कळ सोसवेनाशी झाली तर नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन, पण त्याचा आराम थोड्या दिवसांचा. एवढ्यानेही पायाची कळ हटली नाही, तर मायक्रोडिसेक्टमी जरूर करा. लहान छेद घेऊन नसेवरचा तुकडा काढतात, पायाची कळ लवकर जाते. उतारवयात चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यांच्या मणक्याची नळी अरुंद झालेली असते. तिथेही ती मोकळी करण्याचं ऑपरेशन उपयोगी पडतं.

सगळ्यांत जास्त रुग्ण मात्र नुसत्या कंबरदुखीचे. तीन महिने उलटून गेलेत, पायात काही नाही. यांना कुणी स्क्रू घालून मणके जोडायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, असं मी कळकळीने सांगतो. मणका घसरलेला नसेल, तर नेटाने केलेल्या व्यायामापेक्षा त्या ऑपरेशनने फार काही जास्त मिळतं असं चाचण्यांत दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांतही भर आहे तो व्यायामावर आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्यावर. पट्टा आणि वजन लावणं, ज्याचा आपल्याकडे एवढा सोस, त्यांची सरसकट शिफारस त्यांनी केलेली नाही. ‘व्यायाम करून बघितला, गुण नाही’ म्हणणाऱ्यांनी तो बहुतेकदा आठवडाभरच केलेला असतो. निदान दोन-तीन महिने द्या हो!

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, किंवा स्कूटरच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, तर सकाळची वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी गाडी काढा आणि थेट बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात या.