बुडालं ते पोर कोण?

बसा, मागे जागा आहे. फळ्यावर लिहिलेल्या विषयाकडे, म्हणजे मानवी स्मृतीच्या न सुटलेल्या प्रश्नांकडे, मी येणारच आहे. आधी आमच्या घरातला एक जुना तंटा मांडतो. तुम्ही खानापूर तालुक्यातली माणसं, मलप्रभा नदी तुम्हाला ठाऊक आहे.

मी पाच वर्षांचा, आक्का सात वर्षांची. भातलावणीचे दिवस. आई शेतात वाकलेली. मी काठावरच्या दगडावरून घसरलो आणि पाण्यात गेलो. नाकात शिरलेलं पाणी, तळाचे गोटे, शेजारच्या काकांनी केसाला धरून वर ओढणं, सगळं आजही अंगावर येतं. अडचण एवढीच, की आक्काला हेच सगळं आठवतं आणि तिच्या आठवणीत बुडालेली ती असते. ती समोरच बसली आहे, विचारा. काका गेले, आई गेली. आई सांगायची ते वाक्य आम्हा दोघांनाही पाठ आहे: "पोर बुडता बुडता वाचलं." आता पोर म्हटल्यावर मुलगा समजायचा की मुलगी?

असे तंटे घरोघर असतात. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच प्रसंग दोघंही 'माझ्यावर गुदरला' म्हणून सांगत होती आणि दोघांनाही ते मनापासून खरं वाटत होतं.

गेल्या दिवाळीत आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसून आपापली आठवण लिहून काढली. दोन्ही कागदांवर तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते. हसलात ना? बरोबर हसलात. लावणीच्या दिवसांत मलप्रभा लालभडक असते, स्वतःचा हात दिसत नाही. म्हणजे ते गोटे कुठल्यातरी उन्हाळ्यातून आमच्या आठवणीत येऊन बसले. कधी आले, ते आम्हाला कळलंही नाही. आणि एखादी आठवण खरी की उसनी, हे मेंदूकडे पाहून खात्रीनं सांगता येईल असं साधन आजही नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. भराभर सांगतो.

आठवण टिकते कशी? मज्जापेशींच्या जोडांतली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत बदलतात. मग साठ वर्षांपूर्वीचं पाणी नाकात कसं राहतं? फ्रान्सिस क्रिकनं १९८४ मध्ये हा प्रश्न मांडला, त्यावर एकमत अजून नाही.

दुसरा प्रश्न उजळणीचा. २००० साली करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. तो आवाज पुन्हा ऐकवून मेंदूच्या ठराविक भागात प्रथिनं बनणं रोखलं, तेव्हा भीती पुसली गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती शाबूत राहिली. म्हणजे आठवण वर काढली की काही काळ ती कच्ची होते. माणसात हे कितपत घडतं, यावर प्रयोगांचे निकाल जुळत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं आपण का विसरतो, हा प्रश्न तर आज राहूनच गेला.

पण एक मागणं मागितल्याशिवाय खाली बसणार नाही. १७ जानेवारी १९५६ चा, सीमाप्रश्नाच्या आंदोलनावर झालेला बेळगावातला गोळीबार पाहिलेली माणसं आता मोजकीच उरली. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातली अजून आहेत. त्यांच्याकडे जा. चौघांना एका कट्ट्यावर बसवून विचारू नका, एकाची आठवण दुसऱ्यात मिसळते. एकेकाला वेगळं गाठा, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला. आणि कुणी 'पोर' म्हणालं, तर मुलगा की मुलगी, ते तिथल्या तिथे विचारून घ्या.