बान, फान, पॅन, भान: आर्मेनियन बोलींचा हललेला नकाशा

दृश्य: काळ्या पडद्यावर एकच आर्मेनियन शब्द, पांढऱ्या अक्षरांत. चार वेगवेगळे आवाज तो एकामागून एक उच्चारतात.

निवेदन:

आर्मेनियन भाषेत एक रोजच्या वापरातला शब्द आहे, 'बान'. अर्थ: गोष्ट, वस्तू. जुन्या भाषेत त्याचा अर्थ वचन, बोल असाही होता. आर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथल्या बातम्यांमध्ये तो 'बान' असाच ऐकू येतो. इस्तंबूल किंवा बैरुतच्या आर्मेनियन घरात 'फान', आणि हा 'फ' आपल्या 'फळ' मधला, ओठ मिटून सोडलेला. आज तुर्कस्तानात सिवास नावाचं शहर आहे, त्याचं जुनं नाव सेबास्तिया. तिथल्या आर्मेनियन बोलीत या 'ब'चा 'भ' होतो. आणि दक्षिण कॉकेशसमधल्या काराबाखच्या डोंगरात 'पॅन', 'बॅट' मधल्या 'ॲ'सारखा स्वर घेऊन.

मराठी माणसाला हे चारही उच्चार वेगळे ऐकू येतात, कारण प, फ, ब, भ हा भेद आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेला आहे. 'ताट' मधला त आणि 'थाट' मधला थ आपण कधी एक करत नाही. आर्मेनियनमध्येही तसंच आहे. आपल्याकडे 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च वेगळे आहेत, हाही भेद आर्मेनियनमध्ये आहे आणि तिथे त्यासाठी वेगवेगळी अक्षरं आहेत. इसवी सन 405 च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी 36 अक्षरांची लिपी घडवली, तेव्हाच हे आवाज वेगळे मोजले गेले.

नातं याहून जुनंही आहे. 'बान' हा शब्द बोलण्याच्या ज्या प्राचीन धातूपासून आला असं मानतात, त्याच धातूशी संस्कृतातला 'भण्' जोडला जातो, आणि 'भण्'पासून प्राकृतातून आपलं 'म्हणणे' आलं. म्हणून सेबास्तियाच्या बोलीतला 'भ' आपल्या कानाला ओळखीचा वाटतो. तो मूळचाच टिकलेला आहे की नंतर तयार झाला, यावर भाषातज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

दृश्य: जुन्या छापील नकाशावर दऱ्या आणि गावं. एकेका प्रदेशावर रंग चढतो.

निवेदन:

या बोलींची शिस्तशीर मांडणी ज्यांनी केली ते ह्राच्या आचार्यान. जन्म 1876, कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. पॅरिसला भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांच्याकडे शिकले, मग आर्मेनियातलं एचमियाद्झिन आणि काराबाखमधलं शुशी इथे शिकवलं. 1901 मध्ये त्यांनी काराबाखच्या बोलीवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. 1909 मध्ये फ्रेंचमध्ये आणि 1911 मध्ये आर्मेनियनमध्ये त्यांनी सगळ्या बोलींचं वर्गीकरण मांडलं: 31 बोली, तीन शाखा.

शाखा ओळखायची खूण म्हणजे वर्तमानकाळ. 'मी प्रेम करतो' हे एका शाखेत 'सिरुम एम' असं होतं. क्रियापदाला 'उम' लागतो. येरेवान, तिफलिस (आजचं तिबिलिसी), काराबाख, आगुलिस, जुल्फा ही या शाखेतली नावं. दुसऱ्या शाखेत क्रियापदाच्या आधी एक छोटा शब्द येतो. तो लिहितात 'क', पण पश्चिमेकडे म्हणतात 'ग': 'ग सिरेम'. एर्झुरुम, मुश, व्हान, सेबास्तिया, कॉन्स्टँटिनोपल अशा 21 बोली या गटात. तिसऱ्या शाखेत 'सिरेल एम', आणि तिथे फक्त तीन बोली: माराघा, खोय, आर्तविन.

एका क्रियापदाच्या रूपावर अख्खी शाखा ठरवणं आज अपुरं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ गेवोर्ग जाहुक्यान यांनी 1972 मध्ये एकाच वेळी अनेक लक्षणं मोजून नवं वर्गीकरण केलं. तरीही गावात जाऊन पाच मिनिटांत बोलीचा अंदाज घ्यायचा असेल, तर आचार्यान यांची खूण अजून उपयोगी पडते.

आता 'पॅन'कडे परत येऊ. इथे आर्मेनियन बोलीशास्त्रातला सगळ्यात देखणा नियम लपलेला आहे, आणि त्याला आचार्यान यांचंच नाव आहे.

ब, द, ग उच्चारताना घशात कंप असतो आणि जिभेचं मूळ किंचित पुढे सरकतं. त्या ओढीने पुढचा 'आ'ही पुढे सरकतो आणि 'ॲ' होतो. म्हणजे 'बान'चं आधी 'बॅन' झालं. मग काही पिढ्यांनी शब्दाच्या सुरुवातीचा कंप गेला, 'ब'चा 'प' झाला, 'पॅन' उरला. ज्या 'ब'मुळे स्वर बदलला तो 'ब' आता नाही, पण स्वर बदललेलाच आहे. आणि ज्या शब्दात मुळातच 'प' होता, तिथे 'आ' जागेवर राहिला. त्यामुळे काराबाखच्या म्हातारीच्या तोंडून 'पॅ' ऐकला की सांगता येतं, इथे कधीकाळी 'ब' होता. व्हानच्या बोलीतही हाच प्रकार आहे, आणि व्हान तर दुसऱ्या शाखेतलं.

काराबाखच्या बोलीची आणखी एक ओळख म्हणजे आघात. मानक आर्मेनियनमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर पडतो, काराबाखमध्ये शेवटून दुसऱ्यावर. येरेवानकराला ही बोली पटकन कळत नाही, त्याचं मोठं कारण हेच. शेवटचं अक्षर दुबळं होतं, त्यातला स्वर झिजतो आणि ओळखीचा शब्दही अनोळखी वाटतो.

दृश्य: अरास नदीचं पात्र. उजाड काठ.

निवेदन:

या रंगीत नकाशाकडे नीट पाहिलं की रंग जागचे हललेले दिसतात. प्रत्येक हलण्यामागे एक तारीख आहे.

1604. इराणचा शाह अब्बास अरास नदीकाठचं जुल्फा रिकामं करतो आणि तिथल्या व्यापाऱ्यांना इस्फहानला नेतो. तिथे नवं जुल्फा वसतं, आणि बोली कित्येक शे किलोमीटर दक्षिणेला जाते. याच व्यापाऱ्यांची माणसं सुरतेला, मद्रासला, कलकत्त्याला आणि मुंबईत आली. सुरतेत त्यांचं कबरस्तान आहे, मुंबईच्या फोर्टमध्ये आर्मेनियन लेन आहे, आणि जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक, 'अझदारार', 1794 मध्ये मद्रासला छापलं गेलं. 1748 मध्ये इंग्रज आरमाराने हिंदी महासागरात 'सांता कातारिना' नावाचं जहाज पकडलं. त्यावर आर्मेनियन व्यापाऱ्यांची शेकडो पत्रं होती, जुल्फाच्या बोलीत लिहिलेली. खटल्यासाठी ती लंडनला गेली आणि दप्तरात राहिली. जुल्फाच्या बोलीचा इतका मोठा साठा एका जहाजाच्या जप्तीमुळे आपल्या हाती आला. मूळ जुल्फाच्या स्मशानातल्या हजारो कोरीव क्रूसशिळा मात्र 1998 ते 2005 या काळात फोडून टाकण्यात आल्या. आज तिथे मोकळी जमीन आहे.

1829. रशिया-तुर्कस्तान युद्ध संपतं, एद्रिनेचा तह होतो. एर्झुरुम भागातले हजारो आर्मेनियन रशियाच्या हद्दीत येतात, ग्युम्रीत आणि आज जॉर्जियात असलेल्या जावाखकमध्ये वसतात. म्हणून ग्युम्री, आजच्या आर्मेनियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पश्चिमी म्हणजे 'ग'वाल्या शाखेची बोली बोलतं. नवख्या माणसाला हे कोडं वाटतं. तहाची तारीख कळली की उलगडतं.

1915. ऑटोमन साम्राज्यातला आर्मेनियनांचा नरसंहार. व्हान, मुश, सासुन, खारबेर्द, सेबास्तिया. बोलणारे मारले गेले किंवा हाकलले गेले. वाचलेल्यांपैकी काही आजच्या आर्मेनियात, तालिन आणि आष्ताराकच्या आसपासच्या गावांत आले; सासुन आणि मुशची बोली तिथे अजून कानावर पडते. बाकीचे हलब (अलेप्पो), बैरुत, मार्सेयला पांगले, आणि तिथल्या आर्मेनियन शाळांनी मुलांना एकच पश्चिमी मानक भाषा शिकवली. निर्वासितांना एकत्र बांधण्यासाठी ते आवश्यकच होतं. पण गावची बोली त्यात दोन पिढ्यांत संपली.

दृश्य: गोरिसकडे जाणारा घाटरस्ता. गाड्यांची न संपणारी रांग.

निवेदन:

आणि मग काराबाख. आर्मेनियन लोक त्याला आर्त्साख म्हणतात. शहराचं नाव एकाच्या तोंडी शुशी, दुसऱ्याच्या तोंडी शुशा. स्तेपानाकेर्त आणि खानकेंदी हीही एकाच गावाची दोन नावं.

जुलै 1921 मध्ये बोल्शेविकांच्या कॉकेशस ब्युरोने 4 तारखेला हा डोंगराळ भाग आर्मेनियाला द्यायचं ठरवलं आणि 5 तारखेला निर्णय फिरवून अझरबैजानला दिला, स्वायत्ततेच्या अटीवर. 7 जुलै 1923 रोजी स्वायत्त प्रांत स्थापन झाला. बोलीची हद्द या हद्दीशी कधीच जुळली नाही. पश्चिमेला गोरिस आणि कापान आर्मेनियात, तिथेही काराबाखचीच बोली. उत्तरेला शाहुम्यान आणि गेताशेन प्रांताच्या बाहेर, तिथेही तीच.

20 फेब्रुवारी 1988 रोजी प्रांताच्या सोव्हिएतने, म्हणजे प्रतिनिधी सभेने, आर्मेनियात जाण्याचा ठराव केला. आठवड्याभरात अझरबैजानमधल्या सुमगाइतमध्ये आर्मेनियनांची कत्तल झाली. पुढच्या दोन वर्षांत आर्मेनियातले जवळपास सगळे अझरबैजानी आणि अझरबैजानमधले बहुतेक आर्मेनियन घर सोडून गेले. 1991 च्या वसंतात गेताशेन रिकामं करण्यात आलं. फेब्रुवारी 1992 मध्ये काराबाखमधल्या खोजालीत अझरबैजानी नागरिक मारले गेले. मे 1994 मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा प्रांताभोवतीचे जिल्हेही आर्मेनियन फौजांच्या हाती होते आणि तिथली लाखो अझरबैजानी माणसं विस्थापित झाली होती. त्यातल्या आगदाम शहराचे नुसते भग्नावशेष उरले. येरेवान आणि दक्षिण आर्मेनियातल्या झंगेझुरकडच्या अझरबैजानी बोलीही याच काळात आपापल्या गावांतून उखडल्या गेल्या. बोलीचं नुकसान मोजताना तेही मोजलं पाहिजे.

27 सप्टेंबर 2020 ला पुन्हा युद्ध, 44 दिवसांचं. हाद्रुत आणि शुशी अझरबैजानच्या हाती गेलं. 12 डिसेंबर 2022 पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला. 19 सप्टेंबर 2023 रोजी अझरबैजानने हल्ला केला, दुसऱ्या दिवशी काराबाखच्या आर्मेनियन बाजूची शरणागती झाली, आणि 24 सप्टेंबरपासून आठवड्याभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसं त्याच रस्त्याने आर्मेनियात आली. एरवी काही तासांचा रस्ता; अनेकांना दिवसाहून अधिक वेळ लागला. 1 जानेवारी 2024 पासून तिथलं आर्मेनियन प्रशासन बरखास्त होईल, असा हुकूमही निघाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बोली म्हणजे मालकीचा सातबारा नाही. कोण कुठे, किती काळ राहत होतं हे ती सांगते. सीमा कुठे असावी हे सांगत नाही. दोन्ही बाजूंनी बोलीशास्त्राचा असा वापर झाला आहे, आणि त्यातून अभ्यासाचं नुकसानच झालं आहे.

दृश्य: टेबलावर ध्वनिमुद्रक, एक चहाचा पेला, कागदाची पट्टी.

निवेदन:

आता काम ध्वनिमुद्रणाचं आहे, आणि ते पुढे ढकलता येणार नाही. गावं विखुरली आहेत: एक कुटुंब येरेवानला, दुसरं आराराट खोऱ्यात, तिसरं रशियात. गोरिसला तीच बोली असली तरी हाद्रुतचा, मार्तुनीचा, मार्दाकेर्तचा बारकावा तिथे नाही.

बोलणारी व्यक्ती निवडताना आधी विचारायचं: जन्म कुठला, आईवडील कुठले, शाळा कुठली, गावाबाहेर किती वर्षं. आई दुसऱ्या गावची असेल तर तेही नोंदवायचं. घरात सून आली की शब्दही येतात. गावाचं आर्मेनियन आणि अझरबैजानी अशी दोन्ही नावं लिहायची, म्हणजे पुढे कोणत्याही नकाशावर ते सापडेल. सध्याचा पत्ता फाइलच्या नावात कधीच घालायचा नाही.

मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, पण थोडा बाजूला, म्हणजे 'फ'चा झोत थेट त्यावर आदळत नाही. फ्रिज बंद करायचा. फोनवरचा व्हॉइस मेसेज या कामाला नको: फाइल लहान करताना तो वरच्या पट्टीतले बारीक आवाज कापतो, आणि 'प' की 'फ' हे ठरवणारा श्वास नेमका तिथेच असतो. शंका आली तर ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'फ'ला ती हलते, 'प'ला जवळपास स्थिर राहते. पक्कं मोजमाप नंतर संगणकावर, मिलिसेकंदांत.

सगळ्यात मोठी चूक प्रश्नातच होते. 'बान'ला तुमच्याकडे काय म्हणतात, असं मानक भाषेत विचारलं की समोरची बाई मानक भाषेतच उत्तर देते. शाळेने तिला तेच शिकवलं आहे, आणि पाहुण्यासमोर गावरान बोलायला तिला संकोच वाटतो. त्यापेक्षा एकाच गावच्या दोघींना समोरासमोर बसवायचं आणि झेंग्यालोव हात्स कसा करतात ते विचारायचं. रानातल्या भाज्या बारीक चिरून पोळीत भरतात आणि तव्यावर भाजतात. कोणती भाजी किती घालायची यावर दोघींचं जुंपतं, आणि त्या भाज्यांची नावं बाहेर येतात, ज्यांना येरेवानच्या भाषेत शब्दच नाही.

लिहिताना 'ॲ'साठी वेगळं चिन्ह हवंच. आर्मेनियन अक्षरावर दोन टिंबं देण्याची पद्धत आहे. ते चिन्ह टाळून सरळ 'आ' लिहिला, की आचार्यान यांचा नियम त्या पानावरून पुसला गेला.

यंत्र लगेच बंद करायचं नाही, आणि हे आधीच सांगून संमती घेऊन ठेवायची. प्रश्न संपले असं म्हटल्यावर खांदे सैल होतात, बोली परत येते. निरोप घेताना म्हातारी पाहुण्याचा हात धरते आणि म्हणते, "त्सावत तानिम." तुझं दुखणं मी घेऊन जाते. येरेवानमध्ये हेच 'तानेम' असतं. शेवटचा हा 'इम' त्या दिवसाच्या फाइलमध्ये असायला हवा.