दुर्बिणीआधी अल्गॉल

नमस्कार श्रोतेहो. आकाशदर्शनाची हौस लागली की पहिला प्रश्न ठरलेला, दुर्बीण कोणती घेऊ? माझं ऐकाल तर इतक्यात कुठलीच घेऊ नका. एक तारा धरा आणि त्याच्याच मागे लागा. ययाति तारकासमूहातला अल्गॉल धरलात तर फारच उत्तम.

एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, असते २.१. पण दर २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी तो ३.४ प्रतीपर्यंत उतरतो. प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी, असा हा उलटा हिशेब. म्हणजे तेज जेमतेम एक तृतीयांश उरतं. मंदावून पुन्हा उजळायला साधारण १० तास लागतात. त्यामुळे वेळ जुळली तर एकाच रात्रीत, नुसत्या डोळ्यांनी, हा उतार दिसतो.

१७८३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या हौशी आकाशनिरीक्षकानं याचं कारण सुचवलं: एखादा काळोखा गोल ताऱ्याच्या आड येत असावा. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. अल्गॉल हे ताऱ्यांचं जोडपं आहे, हे वर्णपटावरून सिद्ध व्हायला १८८९ साल उजाडलं.

आता पाहायचं कसं? अंधारात वीसेक मिनिटं थांबा. मोबाईल खिशातच राहू द्या. मग शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करा. देवयानीतला अलमाक २.१ प्रतीचा, ययातीतला एप्सिलॉन २.९ चा. अल्गॉल दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर लिहा २.५, आणि शेजारी तारीख, वेळ. ग्रहणाची, म्हणजे अल्गॉल मंदावण्याची, वेळ मात्र आधी बघून जाऊ नका. मनाला जे हवं असतं तेच डोळे सांगू लागतात, हा अगदी मुरलेल्या निरीक्षकांचाही अनुभव.

अशा नोंदी वाया जात नाहीत बरं का. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून त्या जमवते आहे. २०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत घसरला, तेव्हा हौशी मंडळींच्या नोंदींचाही उपयोग झाला.

हात बसला की काक्षीकडेही वळा. त्याची तुलना रोहिणीशी करा, दोन्ही तारे तांबूस आहेत. फक्त टक लावून बघू नका. लाल तारा जितका वेळ न्याहाळावा तितका उजळ भासतो. चटकन एक नजर टाका आणि आकडा लिहून मोकळे व्हा.