डोळ्यांत पाणी कुठल्या ओळीला येतं?

श्रोतेहो, नमस्कार.

पुस्तक वाचताना डोळ्यांत पाणी येतं ते नेमकं कुठल्या ओळीला, याकडे मी बरीच वर्षं लक्ष देत आले आहे. मरणाच्या, ताटातुटीच्या प्रसंगाला ते येणार, असं आपण धरून चालतो. माझं बहुतेकदा तसं होत नाही. कुणी कुणासाठी केलेलं एखादं साधं काम, तेही लेखकानं जाता जाता सांगितलेलं, तिथं मी अडते. पान उलटवत नाही.

'श्यामची आई'चंच बघा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. बेचाळीस रात्री सांगितलेल्या या गोष्टी. शेवटी आई जाते आणि श्याम वेळेवर पोचत नाही, तिथं सगळेच रडतात. मला पोहण्याची गोष्ट जास्त लागते. श्याम पाण्याला भिऊन घरात लपतो. त्याला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून आई त्याला शिंपटीनं मारत बाहेर काढते. तो रडत रडत जातो, पोहून येतो. आणि मग आई त्याला दही देते, त्याच्यासाठी ठेवलेलं. मारताना तिच्या मनात काय चाललं होतं, ते त्या दह्यात सगळं येतं. एवढं लिहिल्यावर आणखी काही समजावून सांगायची गरजच राहत नाही.

पण ज्या पुस्तकाकडे मी पुन्हा पुन्हा वळते, ते लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. गंमत म्हणजे त्यात रडण्यापेक्षा हसणंच जास्त आहे. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. घरातल्या जवळच्या माणसाला १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, याला शिवायचं नाही, तिथं बसायचं नाही. हे सगळं त्या इतक्या खुसखुशीतपणे सांगतात की आपण हसत सुटतो. आणि हसता हसता लक्षात येतं, की या सगळ्याचा भार एकट्या आईवर पडत होता. तिथं हसू विरतं. लक्ष्मीबाई मात्र थांबलेल्या नसतात, त्या पुढच्या हकिकतीकडे गेलेल्या असतात.

१८९५ मध्ये लक्ष्मीबाईंच्या नवऱ्यानं, कवी नारायण वामन टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईवर ही केवढी आपत्ती असेल, याची आज नीट कल्पनाही करवत नाही. नवरा जिवंत, त्याच्यावर जीव आहे, आणि त्याच्या हातचं पाणी चालत नाही. काही वर्षं त्या लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याजवळ आल्या, तरी चूल आणि पाणी वेगळंच. जातीचा हा गुंता त्यांनी हळूहळू, स्वतःच्या डोक्यानं सोडवला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणतो म्हणून त्या गेल्या असत्या, तर हे पुस्तक मला इतकं जवळचं वाटलं नसतं. दुष्काळात निराधार झालेली मुलं टिळक घरी आणत. त्यांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी कुणी काढायची? लक्ष्मीबाईंनीच. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा संताप, हातातले पैसे भलत्याला देऊन येणं, सगळं त्या सांगतात, त्यांना देव करून बसवत नाहीत. म्हणून त्यांचं प्रेम मला खरं वाटतं.

वाचकाला रडवायचंच असं ठरवून लिहिलेली पुस्तकंही मी वाचली आहेत. त्यांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक हुंदका असतो. ती मी पुन्हा उघडलेली नाहीत.

कादंबऱ्यांमध्ये व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि तिथं आलेला कोवळ्या वयाचा मास्तर. सगळी वाडी कष्ट उपसते, तालीम उभी राहते. मग दुष्काळ येतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. वाक्यं सगळी आखूड, आवाज कुठंच चढत नाही. ती वाडी रिकामी होते तेव्हा आपलंच गाव उठल्यासारखं वाटतं.

आता एक पुस्तक, ज्याबद्दल बोलताना मला अजूनही जड जातं. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. बेबीताई फलटणला किराणा दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं दुकानात बसून वाचायच्या. आणि लिहायच्या, घरच्यांपासून लपवून. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी धीर दिला, म्हणून ते लेखन उजेडात आलं.

त्यात वीरगावचा महारवाडा आहे. घरात दाणा नाही म्हणून उपाशी पडून राहिलेली बाळंतीण आहे, सासुरवासात पिचलेल्या कोवळ्या सुना आहेत. बाबासाहेबांचं भाषण ऐकून मुलांना शाळेत घालायला उठलेल्या बायाही आहेत, आणि ही पानं वाचताना अंगावर काटा येतो. त्या बायांकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, तरी पोरांना शिकवायचं एवढं त्यांनी पक्कं धरलं.

या आत्मकथनात 'मी' फार थोडी आहे. आहे ती 'आम्ही'. स्वतःच्या संसारात सोसलेला मार बेबीताईंनी पुस्तकात सांगितलाच नाही. माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. त्यांना बेबीताईंनी दिलेल्या मुलाखतीत तो मार पुढे आला. माझी तुम्हाला विनंती आहे, आधी पुस्तक वाचा आणि मगच ती मुलाखत. मुलाखत वाचून मी पुस्तकाकडे परत गेले, तेव्हा इतर बायांच्या मारहाणीची तीच पानं मला पहिल्यासारखी वाचता येईनात. ते लिहिणारी बाई काय गिळून लिहीत होती, हे आता मला माहीत होतं.

नमस्कार.