17, 15, 10: ग्लॉकच्या मुठीतला हिशेब

(दृश्य: टेबलावर तीन रिकामी पिस्तुलं. तिन्हींची मॅगझिनं, म्हणजे गोळ्या भरायच्या पेट्या, काढून समोर ठेवलेली.)

डावीकडचं ग्लॉक 17, मधलं 19, उजवीकडचं 26. तिन्ही ऑस्ट्रियाची, तिन्ही 9 मिलिमीटरची. नावांतल्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. 17 मध्ये 17 गोळ्या बसतात खऱ्या, पण नाव पडलं ते कंपनीचे संस्थापक गॅस्टन ग्लॉक यांचं सतरावं पेटंट म्हणून. 19 मध्ये 15 गोळ्या बसतात आणि 26 मध्ये 10.

नळ्या मोजल्या तर 114, 102 आणि 87 मिलिमीटर. पण पिस्तूल कपड्यांआड बाळगायचं असेल तर नळीचा फारसा त्रास नाही. ती पट्ट्याच्या आत खाली उतरते. शर्ट फुगतो तो मुठीमुळे. आणि मूठ किती उंच, किती जाड, हे तिच्यात शिरणारं मॅगझिन ठरवतं.

(दृश्य: उभं कापलेलं मॅगझिन. आत स्प्रिंग आणि गोळ्यांच्या रांगा.)

जुन्या पिस्तुलांत गोळ्या एकावर एक, एकाच रांगेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं वॉल्थर पी-38 ऑस्ट्रियन सैन्य नंतरही वापरत होतं, त्यात अशा 8 गोळ्या. बेल्जियमच्या द्यूदोने सैव्ह यांनी गोळ्या दोन रांगांत आलटूनपालटून बसवल्या आणि मॅगझिन तोंडाशी निमुळतं केलं. आत दोन रांगा, वर येते ती एकेकच गोळी. 1935 च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये त्यामुळे 13 गोळ्या मावल्या. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं दिसणारं, ईशापूरच्या कारखान्यातलं 9 मिलिमीटरचं पिस्तूल याच हाय-पॉवरवरून घेतलेलं. त्यातही 13 च.

1982 मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने ग्लॉक स्वीकारलं, तेव्हा 8 वरून एकदम 17 वर उडी पडली.

(दृश्य: मॅगझिनची मागची बाजू, अगदी जवळून.)

मॅगझिनच्या पाठीवरची ही बारीक भोकं पाहा. शेजारी आकडे आहेत; गोळ्यांचं पितळ कुठपर्यंत चमकतंय ते पाहिलं की आत किती गोळ्या आहेत ते कळतं. बाहेरून सगळं प्लास्टिक, आत पोलादी अस्तर. सुरुवातीच्या मॅगझिनांना हे अस्तर सगळ्या बाजूंनी नव्हतं. भरलं की मॅगझिन किंचित फुगायचं आणि ते सोडवायचा मुठीवरचा खटका दाबला तरी आपोआप खाली पडायचं नाही, हाताने ओढावं लागायचं. पुढे अस्तर पूर्ण झालं. शेवटच्या दोन-तीन गोळ्या भरताना मात्र अंगठा अजूनही हुळहुळतो. पिस्तुलाबरोबर खोक्यात मॅगझिन भरायचं छोटं साधन मिळतं, ते उगीच नाही.

ग्लॉकची खरी हुशारी अदलाबदलीत आहे. 17 चं मॅगझिन 19 मध्ये चालतं, 26 मध्येही चालतं. फक्त खालून बाहेर डोकावतं. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालता येतो, तसं. उलट जमत नाही. 19 चं मॅगझिन 17 च्या मुठीत आखूड पडतं, खटक्यापर्यंत पोचतच नाही.

26 हातात धरलं की करंगळी हवेत राहते. याला 1994 चा अमेरिकन कायदाही थोडा कारणीभूत. सामान्य नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनांवर 10 गोळ्यांची मर्यादा आली, ती 2004 पर्यंत टिकली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर लांब मूठ कोण मिरवेल? 26 बाजारात आलं ते याच सुमारास.

2015 चं ग्लॉक 43 एका रांगेचं, सडपातळ, पण गोळ्या 6 च. माझ्या मते हा सौदा जरा महागच होता. 2019 मध्ये 43 एक्स आलं: नळी 26 एवढीच, मूठ लांब, स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) बारीक, गोळ्या 10. त्याचंच भाऊबंद 48, फक्त नळी लांब. पण इथे जुनी अदलाबदल संपली. 43 चं मॅगझिन 43 एक्समध्ये चालत नाही.

(दृश्य: प्लास्टिकचं आणि पोलादी मॅगझिन शेजारी शेजारी.)

मग एका अमेरिकन कंपनीने 43 एक्ससाठी निव्वळ पोलादाचं मॅगझिन काढलं. प्लास्टिकची जाड भिंत गेली, तेवढ्याच जागेत 15 गोळ्या बसल्या. म्हणजे 19 एवढ्या, आणि तेही बारीक पिस्तुलात. गोम एवढीच, की पिस्तुलातला मॅगझिन धरणारा खटका मुळात प्लास्टिकचा. पोलादाच्या कडेने तो झिजतो, म्हणून तोही बदलून धातूचा बसवावा लागतो.

रोज जवळ बाळगायचं आणि नेमबाजीच्या रेंजवरही न्यायचं असेल, तर माझं मत अजूनही 19 लाच. तेही अमेरिकेतल्या माणसासाठी. भारतात 9 मिलिमीटर हा सामान्य परवानाधारकाला मनाई असलेला बोअर (नळीचा व्यास) आहे.