खुब्याचं ऑपरेशन: छेद किती इंचाचा, हे शेवटी विचारा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तेच: "डॉक्टर, खुबा बदलायचं ऑपरेशन तीन इंचाच्या छेदात होतं का?" होतं. दोन स्नायूंच्या मधून वाट काढून पुढच्या बाजूने जाता येतं आणि पेशंट लवकर चालायला लागतो. नव्या खुब्याचे भाग तीन: पेल्विसमध्ये, म्हणजे कमरेखालच्या हाडात, बसते ती वाटी, तिच्यात फिरतो तो गोळा, आणि गोळा ज्यावर बसतो तो मांडीच्या हाडातला दांडा, म्हणजे स्टेम. मला बोलायचंय वाटीबद्दल.

गोळा वाटीतून निसटू नये म्हणून अमेरिकेत लेविनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये माप दिलं: वाटीचा कल (ती किती उभी बसते) ४० अंश, पुढचा रोख (तिचं तोंड किती पुढे वळतं) १५ अंश, दोन्हींत १० अंश इकडेतिकडे चालेल. आता ही पळी बघा. ही म्हणजे वाटी ठोकायचं सरळ हँडल. ते पायाकडे झुकायला हवं. पण छेद लहान, त्यामुळे मांडीकडची कातडी त्याला अडवते, हँडल वर राहतं आणि वाटी उभी बसते. रेसिडेंट असताना मी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभा होतो, तेव्हा असंच झालं. टेबलावरच्या एक्स-रेत वाटी उभी दिसली, काढून परत बसवावी लागली. सर एवढंच म्हणाले, "वाटीकडे नको, हँडल कातडीला टेकलंय का ते बघ." ते मी आजही बघतो. बाकदार हँडल निघालं ते याचसाठी. आखूड स्टेमचंही तेच: पुढून जाताना लांब, सरळ स्टेम हाडात घालणं अवघड जातं.

बरं, हँडल नीट धरलं, तरी कुशीवर झोपवलेल्या पेशंटचं पेल्विस रिट्रॅक्टर ओढला की फिरतं. आपण ४० मोजतो जमिनीच्या हिशोबाने, आणि वाटी बसते भलत्याच कोनात.

"मग रोबोट?" असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. रोबोट ठरवलेला कोन नेमका साधायला मदत करतो. कोन ठरवायचा डॉक्टरनेच. आणि तो माणसागणिक वेगळा, कारण आपण खाली बसलो की पेल्विस मागे कलतं आणि वाटी पुढे उघडते. कंबर जखडलेली असेल तर ते कलतच नाही, आणि बसताना गोळा मागून निसटू शकतो. निसटलेल्या कित्येक खुब्यांत वाटी लेविनेकच्या मापातच होती! म्हणून कमरेचा बाजूने एक्स-रे, एक उभ्याने आणि एक बसून, ऑपरेशनच्या आधी काढून घ्या.

एका ताईंनी विचारलंय, वडिलांच्या मणक्यात स्क्रू आहेत, खुब्याच्या डॉक्टरांना सांगायचं का? हो ताई, स्क्रूंमुळे कंबर जखडलेली असू शकते, म्हणून पहिल्याच भेटीत, जुने एक्स-रे सोबत घेऊन.