बार्शीहून मॅनिफोल्डच्या दरीत : एका छोट्या इंग्लिश रेल्वेचा लेआउट

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात उभं राहून 'बार्शी लाइट' म्हणजे काय हे सांगत बसायचं कारण नाही. कुर्डुवाडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ती अरुंद लाइन, पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांनी भरलेले डबे, लातूर, मिरज हे सगळं इथल्या घराघरांत ठाऊक आहे. आज मी बोलणार आहे ते तिच्या इंग्लंडमधल्या धाकट्या बहिणीबद्दल. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे असं तिचं लांबलचक नाव. स्टॅफर्डशायर परगण्यातली, जेमतेम १३ किलोमीटरची. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. गेली काही वर्षं मी तिच्या एका स्टेशनचा लेआउट, म्हणजे चालत्या गाड्यांसकट छोटी प्रतिकृती, बांधते आहे.

दोन्ही लाइनींमागे डोकं एकाच माणसाचं, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, हिच्या नोकरीत ते १८८२ मध्ये हिंदुस्थानात आले आणि बार्शीच्या लाइनीचा ध्यास घेतला. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यांचा मुख्य मुद्दा फार सरळ होता. इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, म्हणजे मालडबा, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. तो भार सगळीकडे सारखा वाटला की हलका, स्वस्त रूळ पुरतो, आणि त्याच्यावर लांबरुंद डबे बिनघोर धावतात. अरुंद गेज म्हणजे खेळण्यातली गाडी, ही समजूत त्यांनी बार्शीला मोडून काढली. मग तोच अनुभव घेऊन ते मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात गेले. गेज तेच, २ फूट ६ इंच. इंजिनं बनवणारा कारखानाही तोच, लीड्सचा किटसन.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. शेजारच्या मोठ्या लाइनीची छोटी नक्कल करून अरुंद रेल्वे होत नाही. तिची बांधणी मुळापासून वेगळ्या हिशोबाने केलेली असते. लेआउट बांधणाऱ्याने आधी तो हिशोब समजून घ्यावा, हिरवळ आणि घरं मागाहून. हिशोब चुकला तर देखावा कितीही सुंदर झाला तरी गाडी त्या लाइनीची वाटत नाही.

पहिला प्रश्न रुळांच्या रुंदीचा. इंग्लंडमध्ये सर्वांत रुळलेलं प्रमाण म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजेच १ : ७६.२. अरुंद गेजसाठी या प्रमाणात ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात, त्यांवर चालणाऱ्या मोटारी मिळतात, रूळ बदलण्याचे सांधेही मिळतात. पण ९ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात २ फूट ३ इंच. कॅलथ्रॉप यांचं गेज बरोबर १० मिलिमीटर येतं. ७६२ भागिले ७६.२, बाकी शून्य. एक मिलिमीटरचाच तर फरक, असं पुष्कळ जण म्हणतात, आणि तयार रुळांवर देखणे लेआउट उभे राहिलेले आहेत. तरीही मी १० धरलं. या रेल्वेचं रूप म्हणजे सडपातळ रुळांवर तोलून धरलेलं रुंद, भारदस्त शरीर. तो तोल फार बारीक असतो. रूळ आणखी अरुंद झाला की गाडी कलंडेल की काय असं वाटायला लागतं, आणि कॅलथ्रॉप यांनी सिद्ध केलं होतं ते नेमकं याच्या उलट.

१० मिलिमीटरचा रूळ विकत मिळत नाही, तो हाताने घालावा लागतो. मूळ लाइनीवर यार्डाला ३५ पौंड वजनाचा सपाट बुडाचा रूळ होता. आपल्या प्रमाणात त्याची उंची साधारण १ मिलिमीटर भरते. त्या मापाचा बारीक रूळ मिळतो. स्लीपर तांब्याचा पातळ थर असलेल्या पट्टीतून कापायचे, थराला मधोमध खाच पाडून दोन्ही रुळांची वीज वेगळी करायची, आणि गेज लावून रूळ डाखत जायचं. इंजिनाच्या यंत्रणेत आस मिलिमीटरभर लांब करून चाकं पुन्हा बसवायची. काम वेळखाऊ आहे, पण अवघड म्हणावं असं नाही. सांध्यांना मात्र घाई चालत नाही. जिथे चाक एका रुळावरून दुसऱ्यावर जातं तिथे दशांश मिलिमीटरनेही गाडी घसरते.

आता जागा. अख्खी लाइन या प्रमाणात बांधायची तर जवळपास १७४ मीटर लांबी लागेल. म्हणून एक तुकडा निवडायचा. बहुतेक जण हल्म एंड घेतात. ते शेवटचं स्टेशन, इंजिनशेडही तिथेच. मी एक्टन घेतलं, त्याची दोन कारणं.

पहिलं कारण बोगदा. एक्टनच्या अलीकडे स्वेन्सली इथे या लाइनीवरचा एकुलता एक बोगदा आहे. लीकचे रेशीम रंगवणारे प्रसिद्ध उद्योजक सर थॉमस वॉर्डल यांचं घर तिथे होतं. घरातून गाडी दिसू नये म्हणून बोगदा केला, असं सांगतात. हे वॉर्डल आपल्या देशातल्या टसर रेशमाचे मोठे अभ्यासक होते. म्हणजे इतक्या लहानशा दरीत हिंदुस्थानशी नातं असलेली दोन माणसं. लेआउटवर गाडी देखाव्यातून बाहेर काढून मागच्या यार्डात न्यायची तर कुठे तरी आडोसा लागतो. बहुतेक ठिकाणी त्यासाठी खोटा पूल किंवा खोटा डोंगर उभारावा लागतो. इथे तो आडोसा इतिहासानेच देऊन ठेवला आहे. स्टेशन आणि बोगदा यांमधलं अंतर मात्र बरंच आवळावं लागलं. ते मला मान्य आहे.

दुसरं आणि खरं कारण दूध. एक्टनला दुधाचा कारखाना होता आणि ही लाइन मुख्यतः दुधावर जगत होती. पण लाइनीच्या दुसऱ्या टोकाला, वॉटरहाउसेस इथे पोचल्यावर मोठ्या गेजची लाइन. तिथे सगळा माल उतरवून पुन्हा भरायचा? अरुंद गेजवर जगभर हेच रडगाणं चालायचं. कॅलथ्रॉप यांनी इथे वाहक वाघिणी आणल्या. वाहक वाघीण म्हणजे खाली झुकलेली लांब चौकट. मोठ्या गेजची आख्खी वाघीण ढकलत तिच्यावर चढवायची, चाकं जखडायची आणि अरुंद रुळावरून दरीत न्यायची. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदा इथेच झालं. त्यासाठी दरीतल्या स्टेशनांवर मोठ्या गेजचे छोटे तुकडे घातलेले होते, आजूबाजूच्या कुठल्याच मोठ्या लाइनीला न जोडलेले. वाघीण त्या तुकड्यावर उतरवायची, वाहक मोकळी करायची.

माझ्या लेआउटचा जीव या तुकड्यात आहे. १० मिलिमीटरच्या रुळाशेजारी, कुठूनच न आलेला, कुठेच न जाणारा एक रुंद रूळ. पाहणारा विचारतोच, हा कशाला? मग वाहक वाघीण त्याच्या तोंडाशी लावायची, दोन्ही रुळांची टोकं नेमकी समोरासमोर आणायची आणि दुधाची वाघीण हळूच उतरवायची. टोकं जुळण्यासाठी वाहकाची उंची पाव मिलिमीटरच्या आत हवी. म्हणून मी आधी वाहक बांधली आणि तिच्या मापाने जमीन केली, जमिनीच्या मापाने वाहक नव्हे.

साल निवडताना हाच विचार. मोठी लाइन वॉटरहाउसेसला १९०५ मध्ये पोचली, म्हणजे अगदी सुरुवातीचं वर्ष घेतलं तर वाहक वाघिणींना कामच नाही. सुरुवातीचे फिकट पिवळे डबे फार सुरेख होते, त्यांचा मोह सोडावा लागला. एक्टनचा कारखाना १९३२ मध्ये बंद झाला. तेव्हा मी १९२० नंतरच्या दशकातला उन्हाळा धरला आहे. मोटारलॉऱ्या आलेल्या आहेत, पण दूध अजून रुळावर आहे. रस्त्यावर एक दुधाची लॉरी मुद्दाम उभी केली आहे. या लाइनीला पुढे काय झालं ते तिच्यावरून कळतं.

इंजिनं दोनच होती, 'ई. आर. कॅलथ्रॉप' आणि 'जे. बी. अर्ल'. दुसरं नाव प्रत्यक्ष काम पाहणाऱ्या इंजिनिअरचं. २-६-४ चाकांची, म्हणजे पुढे दोन, मधे सहा आणि मागे चार चाकांची, टाकीची इंजिनं, त्या रचनेची ब्रिटनमधली पहिली. पुढे भलामोठा दिवा, वसाहतींतल्या इंजिनांवर असतो तसा. त्या अरुंद, कुंपणांच्या दरीत तो परका दिसतो आणि तसाच दिसायला हवा. दिवा लहान करून इंजिन 'इंग्लिश' करायचा मोह आवरा. त्या दिव्यातच बार्शी आहे.

देखाव्याबद्दल थोडक्यात. चुनखडीचा मुलूख, म्हणून भिंती फिकट करड्या दगडांच्या, चुन्यावाचून रचलेल्या. एक्टनच्या टेकडीवर जुन्या तांब्याच्या खाणीचे ढिगारे. गवत चरून आखूड झालेलं. मॅनिफोल्ड नदी उन्हाळ्यात कोरडी पडते असं पर्यटकांच्या माहितीत असतं, पण ते वेटन मिलच्या खाली, जिथे पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली जातं. एक्टन त्याच्या वरच्या अंगाला आहे, तेव्हा इथे पाणी वाहतं दाखवायचं. आणि गाई. खोक्यात मिळणाऱ्या गाई बहुधा काळ्यापांढऱ्या, फ्रीजियन. त्या काळी इंग्लंडच्या गोठ्यांत जास्त करून शॉर्टहॉर्न, तांबड्या आणि ठिपकेदार. दुधावर जगणाऱ्या रेल्वेच्या लेआउटवर गाय चुकलेली मला चालत नाही, म्हणून सगळ्या पुन्हा रंगवल्या.

लाइन बंद झाल्यावर रूळ काढले आणि १९३७ मध्ये तिथे पायवाट झाली. आज कुणीही ती चालू शकतं. बोगद्यातून आता रस्ता जातो. दोन्ही इंजिनं भंगारात गेली, त्यामुळे त्यांची मापं जुन्या आराखड्यांतून आणि छायाचित्रांतून काढावी लागतात. कुर्डुवाडीत ज्यांच्या घरी बार्शी लाइटच्या वर्कशॉपमधले जुने आराखडे किंवा फोटो असतील त्यांनी ते जपून ठेवावेत, आणि जमलं तर मला दाखवावेत. कॅलथ्रॉप यांनी बोगी आणि जोडण्या इथे कशा केल्या होत्या हे कळलं, तर तिथल्या डब्यांची बुडाची बाजू ताडून पाहता येईल. पुढचं काम तेच आहे.